पहिली मूठ

१२ जानेवारी १९९७, रविवार

सिस्टर मॅलकी म्हणायच्या, दिवसभरातल्या चुका संध्याकाळी वहीत उतरवाव्यात, म्हणजे त्या उशीखाली येऊन टोचत नाहीत. शाळा सुटून पस्तीस वर्षं होत आली. मधली बरीच वर्षं वही बंदच होती. हे होते तोवर माझ्या चुका मोजायला घरात माणसं होती. आज पुन्हा उघडली, कारण आज एका शिकलेल्या माणसाने मला विचारलं, "बाई, तुम्ही नोंदी ठेवाल का?"

तो वसोंगा, संशोधन केंद्रातून आलेला. सकाळी मिस्सा झाल्यावर सरोवराच्या किनाऱ्यावरच्या अंजिराखाली गाव जमलं होतं. त्याने पावाचा डबा उघडला. आत तांदळाच्या दाण्याएवढे करडे भुंगेरे, पुढे वाकडी सोंड. म्हणाला, तुमची खाडी बुजवणारी ही जलपर्णी ज्या मुलखातून आली तिथलेच हे. हे तिची पानं खरवडतात, यांच्या अळ्या देठ पोखरतात, मुळाशी कोश करतात. जलपर्णी खचते आणि बुडते.

"आणि ती संपली की आमच्या मक्यावर येतील," कोणीतरी म्हणालं.

"ती संपली की उपाशी मरतील. दुसऱ्या कशाला तोंड लावत नाहीत."

मासळीवाल्या बायकांतली एक म्हणाली, "एकीवरच राहणारे? साहेब, यांना आमच्या गावात सोडू नका, इथले पुरुष बघून बिघडतील." सगळे हसले. थोरली, माझी सवत, तेवढी हसली नाही. ती खाडीकडे बघत बसली होती.

खाडी आमच्या घराच्या हद्दीत येते, म्हणून भुंगेरे वाढवायच्या सहा टाक्या आमच्याच अंगणात ठेवायच्या ठरल्या. वसोंगा म्हणाला, "बियाणंच समजा. इथे मूठभर, तिथे मूठभर. पुढचं ते आपसूक वाढतं."

म्हातारा ओगोला काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. गावात त्याच्या शब्दावर शब्द नसतो. म्हणाला, "बियाणं म्हणजे पेरणी. पेरणी म्हणजे पहिली मूठ थोरलीची. मग धाकटीची."

सगळ्यांनी माना डोलावल्या; धाकटीने आधी पेरलं तर तिच्या लेकरांवर बाधा येते. वसोंगा शहरात वाढलेला. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला.

त्याला कोण सांगणार की आमची थोरली पेरूच शकत नाही. गेल्या सप्टेंबरात तिचा मुलगा ओलुओच होडी घेऊन परतत होता, वारा फिरला आणि जलपर्णीचं रान चहूबाजूंनी त्याच्यावर चालून आलं. पंधरा दिवस शोधलं. होडी नाही, तो नाही. ज्या घरातलं माणूस पुरलेलं नाही, त्या घराने मातीत बी टाकायचं नाही. सरोवरात हरवलेल्याच्या देहाऐवजी आमच्यात यागोचं फळ पुरतात, माणसाच्या हाताएवढं लांब असतं ते. ओगोला तीनदा सांगून गेला. थोरलीचं एकच उत्तर, "माझ्या पोटी फळ आलं नव्हतं."

३० जानेवारी

टाक्यांना जाळी बांधली, वर पाल्याची सावली केली. दर शनिवारी पाच रोपं उचलून भुंगेरे मोजायचे आणि वसोंगाच्या कागदावर लिहायचे. माझं अक्षर बघून तो म्हणाला, छापल्यासारखं आहे. मी सिस्टरांचं नाव सांगितलं. आमच्या वर्गात बाहीवर शाईचा डाग पडला की दिवसभर उभं राहावं लागायचं. त्या मुलींतल्या किती उरल्या असतील आता.

संध्याकाळी ओबुरा आला. माझा एकुलता एक. जाळं खांद्यावर, कोरडं ठणठणीत. होडी पाण्यापर्यंत न्यायला दीड तास कोयत्याने वाट कापायची, आणि परत येईतो वाट बुजलेली.

"आई, पावसापर्यंत बघतो. नाहीतर टांझानियाच्या बाजूला जातो. तिकडे पाणी उघडं आहे."

"टाक्या भरल्यात रे. भुंगेरे सोडले की होईल."

"सोडणार कोण? थोरल्या आईला फळ पुरायचं नाही, तुला तिच्या आधी हात लावायचा नाही. तोवर तुझे भुंगेरे टाकीत म्हातारे होतील."

ताटातली मक्याची उगाली न खाता उठला.

९ फेब्रुवारी, रविवार

आज थोरलीशी बोलायचं ठरवून गेले. ती दारात बसून ओमेना, बोटभर सुकी मासळी, निवडत होती. मलाही सूप सरकवलं. मी या घरात आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते, इंग्रजी कविता पाठ आणि कुदळ कशी धरायची ते माहीत नाही. तिने धरायला शिकवली. ओबुरा पायाळू आला तेव्हा तिच्याच हातांनी त्याला ओढून काढलं. हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर वहीत फक्त तक्रारी राहतील.

पण तेहतीस वर्षं मी तिच्या मागून पेरलं, तिच्या मागून कापलं, नवीन मक्याची चव तिने घेतल्यावर घेतली. ती तापाने पडली होती त्या साली माझं बी पोत्यात कुजलं. तेव्हाही मी बोलले नव्हते. सिस्टर म्हणायच्या, आज्ञापालन हे स्त्रीचं आभूषण. आभूषणं फार झाली.

"अक्का, ओबुरा जातो म्हणतोय."

"जाऊ नको म्हणावं. वाऱ्याच्या दिवसांत तिकडची माणसंही बुडतात."

एवढंच. ओमेना निवडून झाले. फळाचा विषय काढायचं धैर्य झालं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज मिस्सा चुकवली. आयुष्यात पहिल्यांदा, आजारी नसताना.

गाव सगळं प्रार्थनेला गेलं होतं. तेवढ्या वेळात दोन टाक्यांतली रोपं घमेल्यात घातली, वर ओलं फडकं टाकलं, डोक्यावर घेऊन खाडीकाठच्या खडकापाशी गेले. चार खेपा झाल्या. मांडीभर पाण्यात उतरून एकेक रोप त्या रानात खोचत गेले. जलपर्णीतच जलपर्णी लावायची, कोणाला काय कळणार. मका असता तर उगवून माझं नाव सांगितलं असतं. हे सांगणार नाहीत.

शेवटची मूठ टाकली. ओबुराचं नाव घेतलं.

रिकाम्या टाक्यांत खाडीतली ताजी रोपं भरली. वसोंगाच्या कागदावर पुढच्या शनिवारसाठी कालचेच आकडे पुन्हा उतरवले, अगदी छापल्यासारखे.

२२ फेब्रुवारी

पापनिवेदनाला गेले. जाळीपलीकडून फादरांनी विचारलं, "किडे?" मग हसू आवरून म्हणाले, "बाई, किडे पाण्यात सोडणं हे पाप नाही. मिस्सा चुकवलीत ते आहे." तीन नमो मारिया सांगितल्या. घरी येताना रस्त्यातच म्हणून टाकल्या. हलकं वाटायला हवं होतं.

२३ मार्च

रोज खडकापाशी जाते, कपडे धुण्याचं निमित्त करून. पानं हिरवीगार, तेल लावल्यासारखी. वर जांभळी फुलं. एका पानावरही ओरखडा नाही.

मधे दोन दिवस वारा होता. त्या वाऱ्याने सगळं रान उचलून पलीकडच्या कडेला, थोरलीच्या दगडाकडे नेलं आणि इकडे दुसरंच आणून ठेवलं. थोरली रोज सांजेला त्या दगडावर बसते.

पाऊस लागलाय. सगळ्या गावात कुदळी चालू आहेत. आमच्या घराच्या शेतात बगळे फिरतात.

१४ एप्रिल

ओबुरा गेला. बायको, दोन्ही मुली, जाळं, पत्र्याची पेटी. आधी ट्रकने, मग होडीने. मुलींना मी कोबाल्ट निळ्या लोकरीच्या टोप्या विणल्या होत्या, त्या उकाड्यातही घालून गेल्या. कागदावर तिकडचा पत्ता लिहून दिला त्याने. त्याचं अक्षर माझ्यासारखं झालं नाही.

थोरलीने वाटेसाठी भाजलेली मासळी बांधून दिली. ट्रक दिसेनासा झाला तरी रस्त्यावर उभी होती. मला राग आला. हिच्यामुळेच गेला, आणि हीच उभी.

आता मला कळतंय काय झालं ते. मी थोरलीच्या आधी हात लावला म्हणून माझे भुंगेरे मेले. सिस्टरांना हे ऐकून वाईट वाटलं असतं. पण मी त्यांच्याकडे सात वर्षं होते आणि इथे तेहतीस.

८ जून

उरलेल्या टाक्या ओसंडून चालल्यात. वसोंगा वैतागला आहे. "बाई, मी वरिष्ठांना काय सांगू? घरात सुतक आहे म्हणून किडे थांबलेत?"

"सांगा, बियाणं समजा असं तुम्हीच म्हणाला होता."

त्याने टाकीवरची जाळी पुन्हा बांधली. मग म्हणाला, "पुढच्या वेळी औषध समजा म्हणेन."

थोरली संध्याकाळी येऊन टाक्यांपाशी उभी राहिली. म्हणाली, "दोमी, माझ्या दगडाकडची पानं पिवळी पडताहेत गं."

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तिला माझं लुगडंही पिवळं दिसत असेल. मी म्हटलं, "ऊन लागलं असेल, अक्का."

२० जुलै, रविवार

मका विकत आणावा लागतो. घराने पेरलं नाही त्याचं हे फळ. शेजारी देतात, पण देताना थोरलीच्या घराकडे बघतात.

आज तिच्याकडे गेले आणि सगळं बोलले. तो येणार नाही, म्हटलं. दहा महिने झाले, पाण्यात माणसाचं काय उरतं, म्हटलं. शेवटी नको ते बोलले, "तुमचा गेला म्हणून माझाही गेला."

ती बराच वेळ चूल फुंकत राहिली. मग म्हणाली, "तुझा पत्ता लिहून गेला."

मी चुलीत एक काटकी सरकवली.

तिनेच पुढे बोलायला सुरुवात केली. तिला कोणी शाळेत घातलं नाही, पण गणित सरळ मांडते. "हे बघ. पाणी मोकळं झालं तर तो सापडेल. भुंगेरे सोडल्याशिवाय पाणी मोकळं व्हायचं नाही. फळ पुरल्याशिवाय मला भुंगेरे सोडता यायचे नाहीत. म्हणजे त्याला शोधायचं तर आधी त्याला पुरायचं. असंच ना?"

"असंच, अक्का."

"आणि पुरल्यावर सापडला तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"दुसरी वाट नाही? तू शिकलेली आहेस, म्हणून विचारते."

त्या वेळी सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं, की मी फेब्रुवारीतच सोडलेत, ते मेले. पण मेलेल्या किड्यांसाठी ओगोलासमोर उभं राहायचं, आणि ओबुरावर बाधा येईल म्हणून गावाने त्याचं नाव कुजबुजायचं? मेले ते मेले. मी म्हटलं, "नाही, दुसरी वाट नाही."

"बरं. सांग ओगोलाला."

३० ऑगस्ट, शनिवार

मंगळवारी फळ पुरलं. ओगोलाने चांगलं लांब बघून आणलं होतं. थोरलीने ते मांडीवर घेतलं आणि त्याला ओलुओचचा सदरा घातला, निळ्या चौकड्यांचा. बाह्या रिकाम्या लोंबत होत्या, त्या तिने दुमडून टाचल्या. बायकांनी रडायला सुरुवात केली, चार दिवस रडणं झालं, बैल कापला, घराघरातून माणसं आली. सगळं रीतीप्रमाणे. थोरली एकदाही रडली नाही. सगळे म्हणाले, दगड आहे.

मी खूप रडले.

६ सप्टेंबर

थोरलीने पहिली मूठ टाकली. वसोंगाने छायाचित्र काढलं. ती पाण्यात उतरली, रोप खोचलं आणि बी मातीने झाकावं तसं त्यावर पाणी ओढलं हाताने. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ये, धाकटे. आता तुझी."

किती नीट वाटलं. लहानपणी पहिल्या कम्युनियनला वाटलं होतं तसं. आता सगळं जागच्या जागी आहे. ओबुराला पत्र लिहिलं, की थोरल्या आईच्या हाताने काम झालंय, पुढच्या वर्षी ये.

घराने मकाही पेरला.

१९ नोव्हेंबर

असा पाऊस कोणी पाहिला नाही. रेडिओवर त्याला कुठल्याशा परदेशी मुलाचं नाव दिलंय. सरोवर अंगणापर्यंत आलं. मका वाहून गेला, टाक्या गेल्या. जलपर्णीची मधली रानं तपकिरी दिसतात, कुजकट वास येतो. गाव म्हणतं, थोरलीच्या हाताला गुण आहे. दहा आठवड्यांत करून दाखवलं.

मलाही तसंच वाटतं. हात तो हात.

ओबुराचं उत्तर आलं. तिकडे घर बांधायला काढलंय.

२४ जानेवारी १९९८

दोन दिवसांच्या वाऱ्यानंतर आज पहाटे खाडी उघडली. मधोमध पाणी, मी विसरलेच होते ते कसं चमकतं ते. शाळेची सुट्टी लागली की आम्ही मुली होडीतून हात पाण्यात सोडून यायचो. मी खडकावर उभी राहून लहान मुलीसारखी बघत होते.

मग थोरलीच्या दगडाकडून ओरडा आला.

तपकिरी लगद्यातून होडीचा पुढचा, नाळेचा भाग वर आला होता. शेवाळाखाली पिवळी अक्षरं. ती ओळखायला मला डोळे चोळावे लागले नाहीत. मीच रंगवली होती, तीन वर्षांपूर्वी, ओलुओचने हट्ट धरला म्हणून. 'न्यार-सेमे', सेमेची लेक. गाव थोरलीला त्याच नावाने हाक मारतं. न्यारमधल्या 'वाय'ची शेपटी लांब ओढली होती, सिस्टरांना आवडायची तशी.

जाळ्यात तो होता. जे उरतं ते. मुळांनी त्याला इतकं विणून टाकलं होतं की सोडवायला दुपार झाली.

थोरली पाण्यात शिरली, कोणी धरलं नाही. तिने होडीच्या अक्षरांवरून हात फिरवला. वाचता येत नाही तिला.

२६ जानेवारी

ओगोला म्हणाला, "ज्याला एकदा रडलो त्याला दुसऱ्यांदा रडता येत नाही. घरावर दोन मरणं ओढवतात." कबर भरलेली आहे, रात्र जागून झाली, बैल कापून झाला. म्हणून फळाशेजारी खड्डा केला आणि गुंडाळलेलं ठेवलं. ढोल नाही, रडणं नाही. थोरलीने एवढंच विचारलं, "सदरा काढून याला घालू?" ओगोलाने नाही म्हटलं.

चार माणसं होती. शेजारी कुंपण दुरुस्त करत होता.

३ फेब्रुवारी

वसोंगा आला. खूश होता, त्याला ओलुओचचं कोणी सांगितलं नव्हतं. थोरलीच्या दगडापाशी बसून एकेक रोप उपटत होता, देठ चिरत होता. आम्ही दोघी शेजारी उभ्या.

"हे सप्टेंबरचं काम नाही," तो म्हणाला. "साडेचार महिन्यांत एवढं होतच नाही. ही तिसरी-चौथी पिढी आहे. वर्ष झालं असेल इथे भुंगेरे पोचून. आणि हा सगळा पुंजका वाऱ्याने खडकाकडून इकडे आलेला दिसतो." मग माझ्याकडे बघून हसला. "टाकीतून पळाले का हो बाई तुमचे काही? तुमच्या नोंदीत तर एकही कमी नव्हता."

मी म्हटलं, "पळाले असतील."

"बरंच झालं. सप्टेंबरचे सोडले नसते तरी खाडी उघडली असती."

थोरलीने माझ्याकडे पाहिलं नाही. खाली वाकून तिने एक पान उचललं, डोळ्यांजवळ नेलं, ओरखड्यांवर अंगठा फिरवला. म्हणाली, "पिवळी पडताहेत म्हटलं होतं मी."

१२ फेब्रुवारी

नऊ दिवस झाले. बोलते माझ्याशी. मीठ संपलं तर मागते. काल तिने ओमेना पाठवले. सिस्टर मॅलकी, वहीत लिहिलं तरी टोचतं.

दोनदा तिच्या दारापर्यंत गेले. ती झाडत होती. दोन्ही वेळा मी हवामानावर बोलले.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

परवा कपाळावर राख लावून आले. काल जमीन ओली झाली, आज पेरणी.

मी रीतीप्रमाणे शेताच्या कडेला उभी राहिले, टोपलीत मका घेऊन. खाडीत चार होड्या होत्या, गावच्या पोरांच्या. पाणी स्वच्छ होतं. थोरली आली. हातात कुदळ नव्हती, टोपली नव्हती. शेजारच्या शेतांतल्या बायका थांबून बघत होत्या. आमचं घर पेरतं तेव्हा त्यांनाही बरं वाटतं.

ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"पेर," म्हणाली.

"अक्का, तुम्ही आधी."

"नाही गं. आता तू आधी."

तिच्या आवाजात राग असता तर मी पाया पडले असते. ती खाली बसली, बांधावर, पाय पसरून, एखादी म्हातारी पाहुणी बसते तशी. मी म्हटलं, "लोक बघताहेत."

"बघू देत. मागच्या वेळी कोणी बघितलं नव्हतं."

बायका कुदळी टेकवून उभ्या होत्या. ऊन चढत गेलं. मी एक दाणा हातात घेतला, मग परत टोपलीत टाकला. मग पुन्हा घेतला. दुपारपर्यंत आम्ही दोघी तिथेच होतो.